अण्णांचं वठार

आमच्या ऑफिसात शुक्रवारी सर्व्हरवर काहीही नवीन बसवायला बंदी होती. मी रुजू झाले तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी उपासतापासाचा प्रकार असावा. माझ्या शेजारी बसणाऱ्या कानपूरच्या मुलीला तर तशी खात्रीच होती. तिनं पहिल्याच आठवड्यात मला हळूच बजावलं, "यहाँ के अंकल शुक्रवार को बहुत मानते हैं, संभल के." शेवटी मीच धीर करून त्या अंकलना विचारलं.

"शुक्रवारी बसवलं की शनिवारी मोडतंय," ते म्हणाले. "शनिवारी मोडलं तर फोन कोण उचलणार? तू की मी?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"म्हणून शुक्रवारी नको," असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि मला एक चपाती देऊ केली.

हे अंकल म्हणजे अण्णा. सगळं ऑफिस त्यांना अण्णाच म्हणे. पुण्यात अण्णा म्हटलं की गुडघेदुखी आणि पेन्शन डोळ्यांसमोर येते. बंगळुरात रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कोणीही अण्णा असतो, तसे हेही होते. त्यांचे पूर्वज कधीतरी साताऱ्याकडून आले होते. म्हणजे नेमके कधी, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची घाईही नव्हती. जन्म चामराजपेटचा, शाळा कानडी, घरात मराठी. साताऱ्याला ते आयुष्यात एकदा गेले होते. तिथल्या हॉटेलवाल्यानं "तुम्ही मराठी छान शिकलात हो" अशी शाबासकी दिल्यावर पुन्हा गेले नाहीत.

आमची कंपनी बेळ्ळंदूरला, रिंग रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत. काम काय, तर दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं. कोणाची कोणती दाढ कधी काढली, कोणाचं रूट कॅनाल कुठवर आलंय, कोणाला परत कधी बोलावलंय, हे सगळं आमच्या सर्व्हरवर. त्या सर्व्हरची देखभाल अण्णांकडे. सर्व्हर म्हणजे तरी काय, एक मोठा कॉम्प्युटर, चोवीस तास चालू. पण अण्णा त्याच्याबद्दल असं बोलत की नव्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ कुठंतरी चाळीच्या मॅनेजरची नोकरी करतात.

त्याला कारण होतं. अण्णा वठारात वाढलेले. वठार म्हणजे जुन्या बंगळुरातली चाळच, पण बसकी: मधे अंगण, अंगणात एक नळ, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि दर्शनी भागात घरमालक. अण्णांच्या मते जगात नीट चालणारी प्रत्येक गोष्ट वठारासारखी चालते आणि जी तशी चालत नाही ती मोडणार असते.

हे मला त्यांनी त्या चपातीनंतर लवकरच समजावलं. आम्ही जे प्रोग्राम लिहितो ते पायथन नावाच्या भाषेत. ह्या भाषेची दर काही काळानं नवी आवृत्ती निघते, आणि जुन्या आवृत्तीत लिहिलेला प्रोग्राम नवीत चालेलच असं नाही. मग एकाच सर्व्हरवर चार-पाच आवृत्त्या शेजारी शेजारी बसवाव्या लागतात, आणि कोणता प्रोग्राम कोणत्या आवृत्तीवर चालवायचा हे ज्याचं त्याला सांगावं लागतं. "प्रत्येक आवृत्ती ही एक खोली," अण्णा म्हणाले. "प्रोग्राम म्हणजे भाडेकरू. नवीन भाडेकरू आला, त्याला नवीन खोली बांधून दे. जुन्याला हलवू नको. आणि ही," त्यांनी स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं, "ही घरमालकाची खोली. सर्व्हर स्वतःच्या कामाला जी आवृत्ती वापरतो ती. इकडं बघायचंसुद्धा नाही."

बघायचंसुद्धा नाही म्हटलं की कोणीतरी बघतोच. आमच्यातल्या एका हुशार मुलाला प्रत्येक वेळी आवृत्तीचा आकडा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं एका ओळीत अख्ख्या सर्व्हरची मूळ आवृत्तीच बदलून टाकली. त्याचा प्रोग्राम झकास चालला. बाकी सगळं बंद पडलं. गंमत अशी, की सर्व्हरवर वस्तू बसवायचं किंवा दुरुस्त करायचं जे अवजार असतं तेही त्या जुन्या मूळ आवृत्तीवरच चालणारं. त्यामुळे दुरुस्ती करायलाही काही हातात उरलं नाही. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलाला शेजारी बसवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "घरमालकाला बाहेर काढून त्याच्या खोलीत राहायला गेलास. आता पाण्याची मोटर कोण लावणार?" मुलगा मान खाली घालून बसला. अण्णांनी दुपारपर्यंत सगळं जागेवर आणलं आणि मधूनमधून "मोटर, अं, मोटर" असं पुटपुटत राहिले. तो मुलगा आता मोठ्या कंपनीत आहे, पण त्याला ऑफिसात सगळे मोटर म्हणत ते म्हणतच राहिले.

अण्णांचा 'लेटेस्ट' ह्या शब्दावर राग होता. "लेटेस्ट म्हणजे काय? ज्याचे दोष अजून सापडले नाहीत ते," असं ते म्हणत. पण ह्यावरून ते जुन्याला कवटाळून बसणारे होते असं समजाल तर फसाल. नवी आवृत्ती निघाली की सगळ्यांच्या आधी बसवणार तेच. मंगळवारी सकाळी, कॉफी झाल्यावर. फक्त जुनी काढायला सांगितली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, जसं काही तुम्ही त्यांना आजारी माणसाच्या अंगाखालची गादी ओढायला सांगताय.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. ऑफिसात सगळे इंग्रजीतून एकमेकांना कंटाळा आणत. अण्णा प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलत. वॉचमनशी कानडी, कोइंबतूरच्या मुलाशी मोडकी तमिळ, कानपूरवालीशी अशी हिंदी की ती हसून लोळायची. माझ्याशी मराठी. ह्या मराठीवरून आमची रोजची भांडणं. मी पुण्याची, तेव्हा दुसऱ्याची मराठी सुधारणं हा मला जन्मसिद्ध हक्कच वाटतो. "काय करालास, तंगी?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "अण्णा, 'काय करतेयस' म्हणा." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अण्णा शांतपणे म्हणत, "तुझी पुण्याची व्हर्जन नवीन आहे. आमची जुनी. पण चालतीय की नाही? मग राहू दे की." ह्यावर माझ्याकडे उत्तर नसायचं, आणि पुण्याच्या माणसाला ते किती अवघड जातं हे सांगायला नको.

आता माझ्याविषयी दोन शब्द, कारण पुढे ते लागणार आहेत. मुलगी झाल्यावर मी काही वर्षं घरी होते. परत नोकरी शोधायला लागले तेव्हा प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न, "मधल्या काळात काय केलंत?" मूल वाढवलं, म्हटलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवायचा आणि पुन्हा फोन यायचा नाही. असे बरेच समजूतदार लोक पाहिल्यावर ही नोकरी मिळाली, तीही परिविक्षेवर: काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार. के. आर. पुरमहून रिंग रोडच्या त्या गर्दीतून मी रोज ऑफिसात पोचत होते ते नुसत्या पगारासाठी नाही. मला पुन्हा त्या समजूतदार लोकांसमोर बसायचं नव्हतं.

अशात आमच्याकडे नवे प्रमुख आले. गुडगावचे, तरतरीत, चालताना बोलणारे आणि बोलताना चालणारे. त्यांनी सर्व्हरवरच्या आवृत्त्यांची यादी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या घरातला माळा पाहिल्यावर येतो तसा भाव आला. माझ्या कामाला सगळ्यात नवी आवृत्ती हवी होती, तेव्हा ती बसवायची मागणी माझ्याच नावानं गेली. तिच्याच शेपटीला प्रमुखांनी जोडून दिलं, की हिच्यासोबत सगळ्यात जुनी काढून टाका, ती आता सुरक्षित राहिलेली नाही. बोलणं चुकीचं नव्हतं. अण्णांनाही ते पटलं. "काढायलाच पाहिजे," ते म्हणाले. "पण स्वल्प तडी. विचारून."

जरा थांबा आणि विचारा. हे अण्णांचं विचारणं म्हणजे एक सोहळा होता. सगळ्यांना ईमेल पाठवून मोकळं होणं त्यांना मंजूर नव्हतं. "वठारात नोटीस लावून कोण वाचतंय? दार वाजवायचं," असं म्हणून ते उठत आणि टेबलाटेबलाशी जाऊन विचारत. "यारिदीरा ओळगे?" आत कोण राहतंय का? मग त्याच प्रश्नाची तमिळ, हिंदी, इंग्रजी, मराठी. कोणी "नाही" म्हटलं तरी ते हलत नसत. "नक्की? एकदा बघून सांग की." लोक वैतागत, पण बघत. आणि दर वेळी कोणाचा ना कोणाचा, लिहून विसरलेला एखादा प्रोग्राम त्या खोलीत सापडे. तसे ह्या वेळीही दोन सापडले. अण्णांनी ते नीट नव्या खोलीत हलवले.

तरीही त्यांनी आवृत्ती काढली नाही. त्यांची आणखी एक रीत होती. आधी खोली काढायची नाही, नुसतं कुलूप घालायचं. म्हणजे तिचं नाव बदलून ठेवायचं, की प्रोग्रामना ती सापडू नये. मग वाट बघायची. आत कोणी राहिलं असेल तर ओरडेल. ओरडलं की कुलूप काढायचं, माफी मागायची. पंधरवडाभर अण्णा कुलूप घालून कान लावून बसले. प्रमुख येता-जाता विचारत, "डन?" अण्णा म्हणत, "लिसनिंग, सर." प्रमुखांना हा विनोद आहे की काम आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणीही ओरडलं नाही. मग एका मंगळवारी अण्णांनी ती आवृत्ती कायमची काढली, हात धुऊन आले आणि म्हणाले, "आय्तु." झालं.

पुढचे काही आठवडे सगळं छान चाललं होतं. नंतर एका सकाळी सर्व्हरच्या दोन डिस्कपैकी दवाखान्यांची माहिती असलेली डिस्क गेली. डिस्क जातात, त्यात नवल नाही. म्हणून तर रोज रात्री सगळ्या माहितीची एक प्रत दुसरीकडे ठेवली जाते. आम्ही ती प्रत काढायला गेलो तर शेवटची प्रत निघाली त्या कुलपाच्या दिवसाच्या आदल्या रात्रीची. त्यानंतरची एकही नाही. दोन महिन्यांत थोडेच दिवस कमी, एवढ्या काळात राज्यभरातल्या दवाखान्यांत जे दात उपटले, भरले, घासले गेले, त्यातलं आमच्याकडे काहीही नव्हतं.

बैठक बसली. प्रमुख उभे होतेच, ते आणखी उभे राहिले. प्रती निघणं का थांबलं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण थांबलं त्या दिवशी सर्व्हरवर एकच बदल झाला होता हे नोंदीत दिसत होतं. "चेंज किसके नाम पे है?" त्यांनी विचारलं. नोंदीत मागणी करणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. प्रमुख अतिशय सौम्यपणे म्हणाले, की क्लायंटला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझी परिविक्षा तशीही संपत आलीय, तर त्याबद्दल आपण एकदा बसून बोलू. तेही समजूतदारच निघाले. मागणी माझी होती हे खरं, पण कुलूप, काढणं, सगळं रीतसर झालं होतं.

अण्णा त्या बैठकीत नव्हते. प्रती का थांबल्या हे शोधत ते स्वतःच्या जागेवर बसले होते. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाची एक टपालपेटी असते. एखाद्याचा प्रोग्राम अडखळला की त्याची तक्रार त्या माणसाच्या पेटीत पडते. अण्णा सगळ्यांच्या तक्रारी वाचत. तो त्यांचा सकाळचा पेपरच होता. स्वतःची पेटी मात्र त्यांनी वर्षानुवर्षं उघडली नव्हती. आपल्या नावावर तक्रार येईल कशाला, असा साधा हिशोब. त्या दिवशी उघडली. रोज रात्री प्रत काढणारा प्रोग्राम त्यांनीच फार पूर्वी, कंपनीत आले तेव्हा लिहिलेला होता, आणि तो राहत होता त्याच सगळ्यात जुन्या खोलीत. कुलूप घातल्यापासून तो रोज रात्री ओरडत होता. पेटी काठोकाठ भरली होती.

ती पेटी त्यांच्याशिवाय कोणाला उघडता येत नव्हती. रिकामी करायला एक ओळ पुरली असती. प्रमुखांना खरं कारण शोधायची विशेष गरज उरलेली नव्हती, त्यांच्याकडे माझं नाव होतं. आणि अण्णांची निवृत्ती तोंडावर आलेली. मुदतवाढ तोंडी ठरलेली होती, कागद तेवढा यायचा होता. त्या मुदतवाढीवर त्यांचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं. "घरी बसलो तर बायको मला दुसऱ्याच दिवशी अनइन्स्टॉल करेल," असं ते म्हणत, पण म्हणताना त्यांना हसू येत नसे.

अण्णा बैठकीत आले ते लॅपटॉप उघडाच घेऊन. तो त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि सगळ्यांना आपली पेटी दाखवली. वरपासून खालपर्यंत एकच तक्रार, रात्रीमागून रात्र. "धिस इज माय प्रोग्राम," ते म्हणाले. "शी हॅज नथिंग टु डू." प्रमुखांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण अण्णा बाहेर आले आणि टेबलाटेबलाशी गेले. ज्यांना ज्यांना दार वाजवून विचारलं होतं त्यांना त्यांना त्यांनी, ज्याच्या त्याच्या भाषेत, सांगितलं की आत राहणारा माझाच होता. कोइंबतूरच्या मुलानं उभं राहून त्यांचा हात हातात घेतला. माझ्यापाशी आल्यावर अण्णा जरा थांबले.

"तंगी, सगळ्यांना विचारलो बघ," ते म्हणाले. "मला तेवढं विचारायचं राहिलं."

"अण्णा, पेटी रिकामी करता आली असती," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"आली असती की. मग तू गेली असतीस. मग नवीन माणसाला परत पहिल्यापासून घरमालकाची खोली दाखवा. मला तेवढा वेळ नाही." आणि डबा उघडून बसले. त्या दिवशी त्यांनी चपाती देऊ केली नाही, सगळा डबा माझ्यासमोर सरकवला.

त्यानंतरचे दिवस आम्ही सगळे फोनवर होतो. दवाखान्यांना फोन लावायचे, आणि गेल्या काळात कोणाच्या तोंडात काय केलंत ते परत लिहून घ्यायचं. डॉक्टरांना आठवेना, मग ते रुग्णांना फोन लावत, मग रुग्ण आरशासमोर आ करून उभे राहत. अण्णांनी हुबळी, दावणगेरे, शिमोगा आपल्याकडे घेतलं. दावणगेरेच्या एका डॉक्टरनं त्यांना इतकं झापलं, की फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "बरोबर बोलला तो. दात दुखणाऱ्या माणसाला दोनदा खुर्चीत बसवलं आपण." दोन दवाखाने आम्हाला सोडून गेले. बाकीचे राहिले, त्यांतले निम्मे तरी अण्णांच्या कानडीमुळे राहिले असं माझं मत आहे.

मुदतवाढीचा कागद आला नाही. 'नव्या विचारांना वाव' देण्यासाठी ती जागा रिकामी करायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी केक आणला, प्रमुखांनी टीमचं कौतुक केलं, मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ दिलं. अण्णांनी ते तिथल्या तिथं वॉचमनला देऊन टाकलं. "गेटवर उभा असतोस, तुझी पावलं मोजून होतील लवकर," असं त्याला म्हणाले. मी त्या संध्याकाळी बसमध्ये रडले. मला माझ्याऐवजी ते गेले असं वाटत होतं, आणि तसंच झालं होतं.

दुसऱ्या सोमवारी माझ्याकडे काम आलं: सर्व्हरवरून अण्णांचं खातं काढून टाका. माणूस कंपनी सोडून गेला की त्याचं खातं मिटवायचं, हा नियम. मी बघायला बसले, आणि हळूहळू लक्षात आलं, की निम्मा सर्व्हर अण्णांच्या नावावर चालतोय. दवाखान्यांना सकाळी जाणारे निरोप, महिन्याचे अहवाल, साफसफाई, सगळं कधी ना कधी त्यांनी लावलेलं, त्यांच्या नावावर. नाव काढलं असतं तर सगळं एका क्षणात थांबलं असतं. कंपनीनं त्यांना ठेवलं नव्हतं, आणि त्यांच्यावाचून तिचं एक दिवस चालत नव्हतं. मला क्षणभर फार बरं वाटलं. ही बातमी द्यायला मी त्यांना फोन केला.

अण्णा खूश झाले नाहीत, घाबरले. "अजून काढलं नाहीस? अगं, गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवतात काय? उद्या कोणी माझ्या नावानं आत घुसलं म्हणजे?" मी म्हटलं, मग सगळं बंद पडेल. अण्णा म्हणाले, "रविवारी घरी ये. पोरीला पण आण. बायको खाराभात करेल."

चामराजपेटमधलं ते घर म्हणजे अण्णांचा सर्व्हरच होता. भिंतीवर एकाच पट्टीवर जुन्या काळची जाड गोल पिनांची सॉकेटं आणि शेजारी नवी. सगळी चालू. "जुन्या पिनेची वस्तू घेऊन कोण आलं तर?" असं अण्णांचं म्हणणं. त्यांच्या बायकोनं मला आत नेऊन ओट्यावरचे तीन मिक्सर दाखवले. "मधला चालतोय," त्या म्हणाल्या. "बाकीचे दोन ह्यांचे नातेवाईक."

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आणि अण्णा खुर्ची उलटी फिरवून माझ्याकडे पाठ करून बसले. "मी आता बाहेरचा माणूस," ते म्हणाले. "कंपनीची स्क्रीन मला दिसायला नको." मी हसले, पण ते गंभीर होते. तसे, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी आठवणीतून एकेक प्रोग्राम सांगायला सुरुवात केली. हा कुठं आहे, कोणत्या आवृत्तीवर चालतो, ह्याला कोणाच्या नावावर घालायचं, हा हलवताना आधी कोणाला थांबवायचं. त्यातले काही त्यांनी कोणत्या कारणानं लिहिले तेही सांगत. एक बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात बसून लिहिलेला होता. मी एकेक काढून दुसऱ्या नावावर घालत गेले. असे कितीतरी रविवार गेले. माझी मुलगी तेवढ्यात त्यांच्या बायकोकडून कानडीत भांडायला शिकली.

शेवटच्या रविवारी त्यांच्या नावावर काही उरलं नाही. मी खातं काढायची ओळ टाइप केली आणि थांबले. एका ओळीत त्यांचं नाव पुसलं जाणार होतं आणि ते मला करायचं होतं, ह्याचा मला मनापासून राग आला.

"टाइप केल्याचं ऐकू आलं. एन्टरचं नाही आलं," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

"दाबते," मी म्हटलं.

"दाब की. नोकरी तुझी आहे."

मी दाबलं. स्वयंपाकघरातून खाराभाताचा वास येत होता. अण्णा उठले, खुर्ची जागेवर लावली आणि पानं घ्यायला गेले.

ह्या सगळ्या गोंधळात माझी परिविक्षा लांबली होती; महिनाअखेर मला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं. प्रमुखांनी त्यात माझ्या कामगिरीचा खास उल्लेख केला होता. एका माजी कर्मचाऱ्यावर संपूर्ण यंत्रणेचं असलेलं धोकादायक अवलंबित्व मी कोणतीही सेवा न थांबवता पूर्णपणे दूर केलं, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. पत्र हातात घेऊन मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता, तो होतही होता, आणि त्याची लाजही वाटत होती. मग मी अण्णांना फोन लावला आणि सांगितलं, मी कायम झाले.

"काय लिहिलंय त्यात? वाच की," ते म्हणाले.

मी टाळायचा प्रयत्न केला, पण त्यांनी सोडलं नाही. शेवटी ते वाक्य वाचून दाखवलं. मला वाटलं, आता दुखावले.

"संपूर्ण यंत्रणा," अण्णा हळूच म्हणाले. "असं लिहिलंय? पूर्ण यंत्रणा माझ्यावर होती म्हणून?"

"हो, अण्णा."

"सही कोणाची आहे खाली?"

"प्रमुखांची."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं ते म्हणाले, आणि त्यांनी आत हाक मारली, "अगं, गॅस बारीक करून इकडं ये." मग मला म्हणाले, "तंगी, परत एकदा वाच. ह्या वेळी मराठीत करून वाच. हिला इंग्रजी कळत नाही."

मी वाचलं.